दुसरी चक्कर

अमरावतीच्या कडेला, डोंगर सुरू होतात तिथं, एक वनउद्यान आहे. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला हिरवी पाटी दिसते. ‘निसर्गवाट. अंतर दोन किलोमीटर. वेळ चाळीस मिनिटे. लहान मुले व ज्येष्ठांसह संपूर्ण कुटुंबासाठी सोपी.’ खाली मोठा पांढरा बाण, कारण वाट एकेरी आहे. डावीकडून निघायचं, सागवान, बांबू, तळं असं गोल फिरायचं आणि उजवीकडून पुन्हा त्याच फाटकाशी यायचं. दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण, त्यामुळे हरवायची सोय नाही. रविवारी सकाळी चिप्सची पाकिटं घेतलेली पोरं, ट्रॅकसूट घातलेले काका आणि फोटो काढणाऱ्या मावश्या यांची तिथं वर्दळ असते. या सोप्या वाटेवर मी तीन खेपा चालले, तीन वेगवेगळ्या मुलांबरोबर, आणि तिन्ही वेळा ती वाट संपता संपेना.

हे पाहण्याचे कार्यक्रम होते. आम्ही अकोल्याचे. आमच्या गल्लीत पाहुणे आले की शेजाऱ्यांना कळतं, आणि जमलं नाही की त्याहून लवकर कळतं. म्हणून अमरावतीतच राजापेठेत राहणाऱ्या माझ्या मामानं तोडगा काढला. “आता घरी पोहे-चहा कोनी करत नाई भाऊजी,” तो बाबांना म्हणाला. “बगीच्यात बोलवा. मोठे मानसं बाकावर बसतात, पोट्टा-पोट्टी एक चक्कर मारतात, बोलतात. मोकळं वातावरण राहते.” बाबांना ते पटलं. त्यांना वेळेचं कोष्टक असलेली कुठलीही गोष्ट पटते. चाळीस मिनिटांत पोरीचं आयुष्य ठरत असेल तर आणखी काय हवं?

मोकळं वातावरण म्हणजे काय ते मला पहिल्याच खेपेला कळलं. फाटकाशी लिंबाच्या झाडाखाली सिमेंटचे चार बाक आहेत. तिथं दोन्हीकडची मोठी माणसं बसायची आणि आम्ही वळणाआड जाईपर्यंत पाठीला डोळे लावून असायची. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती कधी बाकावरून हललीच नाही. मांडीवर पोह्यांचा डबा, शेजारी पाण्याच्या बाटल्यांची पिशवी. घरचा कार्यक्रम बाहेर आला तरी पोहे काही सुटले नव्हते. बाबा मात्र बसायचे नाहीत. हाताची घडी घालून उभे राहायचे आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायचे.

दोन खेपांत मला ती वाट पाठ झाली होती. सागवानात विचारतात छंद काय. बांबूच्या बेटापाशी विचारतात स्वयंपाक येतो का, आणि आपण हसतो की नाही ते बघतात. तळ्यापाशी थोडा वेळ थांबून, पाण्याकडे बघत, जणू आत्ताच सुचलंय असं दाखवून विचारतात, लग्नानंतर नोकरी करायची आहे का. पहिल्यानं विचारलं नाहीच, सांगितलं, की बाईनं नोकरी अवश्य करावी पण घराला तिचा त्रास होऊ नये. दुसऱ्यानं बांबूपाशी माझं वजन विचारलं. मी त्याला त्याचं विचारलं. उरलेली वाट आम्ही मुकाट्यानं चाललो.

त्या दुसऱ्या खेपेला फाटकावरचे म्हातारे चौकीदार चाचा मला हळूच म्हणाले होते, “बेटी, तालाब के बाजू से एक पगडंडी है, पाँच मिनट में गेट पे आती है. बुजुर्गों के लिए बनाई है. जी घबराए तो उधर से निकल आना.” माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे. पण अर्ध्यातून परत आलेली मुलगी म्हणजे केवढा तमाशा, हे मला ठाऊक होतं. मी कधी त्या पायवाटेनं आले नाही. दोन्ही वेळा पूर्ण चक्कर मारली, पोहे खाल्ले, घरी गेले आणि मग नाही म्हणाले.

मला लग्नच नको होतं असं नाही. मला माझं काम सोडून लग्न नको होतं. मी अकोल्यात एका माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. शेतकरी पिशवीत माती घेऊन येतात, चिठ्ठीवर वावराचं नाव लिहिलेलं असतं. आंब्याचं वावर, नाल्याकडचं वावर, मधलं तुकडं. आम्ही ती सावलीत वाळवतो, कुटतो, चाळतो, तपासतो. मग मी समोरच्या माणसाला सांगते की तुमच्या मातीत जस्त कमी पडतंय, खतावर खत टाकू नका. माझ्या वडिलांच्या वयाची माणसं मान डोलावून ऐकतात आणि दुसऱ्या वर्षी सांगायला येतात की पोरी, तू म्हणाली तसंच केलं. घरात माझं बोलणं इतकं मन लावून कुणी कधी ऐकलं नव्हतं. ते मला सोडायचं नव्हतं. कारण एवढंच होतं आणि मला ते पुरेसं वाटायचं.

पण माझ्या नाहीची शिक्षा मला कधी झाली नाही, हीच खरी अडचण होती. शिक्षा आईला व्हायची. दुसऱ्या नकारानंतर महिनाभर बाबा माझ्याशी नीट बोलत होते, भाजी कशी झाली ते मला सांगत होते. आईशी एक शब्द नाही. भाजी आईनं केलेली असायची. तिसरं स्थळ आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि बाबा बाहेरच्या खोलीत आईला सांगत होते. आवाज मला ऐकू जाईल इतकाच ठेवला होता. “त्यायच्याकून नाई आलं तर नशीब म्हनीन. पन हिच्याकून नाई आलं ना, तर ते तूच शिकवलं असं समजीन. मंग मी या घरात तुह्याशी बोलनार नाई.” आई आत आली, गॅस बारीक केला आणि मला म्हणाली, “पोहे सकाळी लवकर भिजवायले लागतीन.” मला इतका संताप आला की हातातला चमचा मी सिंकमध्ये आपटला.

तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं. यावेळी नाही मी म्हणायचं नाही, त्यानं म्हणायचं. त्याच्याकडून नाही येईल असं मी वागायचं. वाईट वागणं मला जमतंच, घरात कुणालाही विचारा.

जानेवारीतला रविवार होता. अकोल्याहून निघालो ते मूर्तिजापूर येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. आई मागे माझ्या शेजारी, मांडीवर डबा. मला खिडकीची काच खाली करायची होती, पण बाबा म्हणाले केस विस्कटतील. काच वरच राहिली. पुढचा तासभर मी त्या काचेतून कापूस वेचून झालेली वावरं बघत होते आणि काय काय वाईट बोलता येईल ते मनात घोकत होते.

मुलाकडचे अचलपूरकडून आले होते. संत्र्याचा बगीचा आणि बाजारपेठेत खताचं दुकान. मामाजवळ त्यांनी आधीच निरोप ठेवला होता की आमच्याकडे पोरीला नोकरी करायची गरजच नाही. मुलाची आई अंगानं भरलेली, हसतमुख बाई. तिनं माझी हनुवटी धरून चेहरा इकडे-तिकडे वळवला आणि म्हणाली, “माती तपासते म्हने! आमच्याच बगीच्याची तपासजो बेटा घरबसल्या.” सोबत तिची बहीण होती. ती गाडीच्या डिकीतून पाण्याचा कॅन काढत होती तेव्हा मला आत साडीचा खोका, नारळ आणि हळदीकुंकवाचा करंडा दिसला. आमच्याकडे हे सोबत असतंच. जमलंच तर तिथल्या तिथं मुलीला कुंकू लावायचं, ओटी भरायची. पुढचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पाहुण्यांच्या जेवणापुरतं, खरं ठरतं ते या कुंकवानं.

मुलगा शांत होता. नवेकोरे पांढरे बूट घातले होते. सागवानातून आम्ही दोघं चाललो, वाळकी पानं पायाखाली मोडत होती आणि त्यानं छंद विचारलाच नाही. मी वाट बघत होते, उत्तरही तयार होतं. मग बांबूच्या बेटापाशी तो थांबला, मागे कुणी नाही ना ते पाहिलं आणि म्हणाला, “मले तुमाले एक सांगायचं हाये. रागावू नका. माझ्या मनात दुसरी मुलगी आहे. घरी माहीत नाही. घरी सांगायची माझी हिंमत नाही. तुमी नाही म्हना ना.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. आणि मग मला हसू फुटलं, असं की पोट धरावं लागलं. बिचारा घाबरला. मी म्हटलं, “अहो, मी तुमाले तेच सांगनार होती. तुमी नाही म्हना.”

मग आमचं भांडण सुरू झालं. दोन माणसं एकमेकांना नकोशी असण्यावर इतकी एकमत असून इतकी भांडू शकतात हे मला नवीनच होतं. तो म्हणाला, मुलीकडून नाही आलं तर आई दोन दिवस बडबडेल आणि विसरेल. मी म्हटलं, माझ्याकडून नाही आलं तर माझ्या आईशी बोलणं बंद होईल, आणि ते कुणी विसरणार नाही. तो म्हणाला, मी कारण काय सांगू. मी म्हटलं, सांगा पोरगी उद्धट आहे, खोटं बोलायची पण गरज नाही. आमच्या बाजूनं एक जोडपं दोन मुलांना घेऊन पुढे गेलं. त्यातली बाई कौतुकानं मागे वळून आमच्याकडे बघत होती. तळं आलं, गेलं. उजवीकडचं वळण आलं आणि समोर लिंबाचं झाड, बाक आणि आमची माणसं दिसायला लागली. कोण नाही म्हणणार ते ठरलंच नव्हतं.

“आनखी एक चक्कर मारता का?” त्यानं घाईघाईनं विचारलं.

मी हो म्हटलं. फाटकापासून दहा पावलांवर आम्ही डावीकडे वळलो आणि पुन्हा पाटीखालून आत शिरलो. मी हसतच होते, भांडणातलं ते हसू अजून तोंडावर होतं. बाकावरून मामानं हात वर केला. मला वाटलं, उशीर नका करू म्हणतोय. मीही हात हलवला.

या दुसऱ्या चकरेचा बाकावर काय अर्थ लागेल, हे मला त्या वेळी सुचायला हवं होतं. सत्तावीस वर्षं या माणसांत काढली होती. पण माणूस स्वतःच्या कटात गुंतला की त्याला समोरचं दिसत नाही.

दुसऱ्या चकरेत तो बधला. तळ्यापाशी कठड्यावर हात ठेवून म्हणाला, “बरं. मी सांगतो. आत्ताच सांगतो, तुमच्यासमोर. तुमाले एक शब्द बोलायची गरज नाही.” मला एकदम हायसं वाटलं. दोन खेपा त्या तळ्याकडे मी फक्त नोकरीच्या प्रश्नाची जागा म्हणून पाहिलं होतं. आता त्यात पाणकोंबड्या दिसल्या, काठावरची ओली लाल माती दिसली. मी त्याच्या बगीच्याची माती विचारली. त्यानं सांगितलं की खाली चुनखडी लागते आणि झाडं वरून पिवळी पडतात. मी त्याला काय करायचं ते सांगितलं. त्यानं नीट ऐकलं. माणूस वाईट नव्हता, आजही माझं तेच मत आहे.

आम्ही वळणावर आलो तेव्हा बाकांवर कुणी बसलेलं नव्हतं. सगळी उभी होती. लिंबाखाली सतरंजी अंथरलेली, तिच्यावर उद्यानातल्या चहावाल्याची प्लास्टिकची खुर्ची, आणि मामाच्या हातात पेढ्यांचा खोका. तो खोका आणायला मामा स्कूटर घेऊन राजापेठेपर्यंत जाऊन आला होता. “दुसऱ्या चकरेले गेले म्हंजे झालंच ना!” तो मोठ्यानं म्हणाला. “अथी आल्यावर कोनी दुसरी चक्कर मारत नाई, पह्यलीच संपत नाई लोकायले!” सगळी हसली. मुलाची आई हात पसरून पुढे आली. “या सूनबाई, बसा.” आणि मागे वळून आईला म्हणाली, “इहीनबाई, इकडे या ना तुमी.”

मी त्याच्याकडे पाहिलं. आता बोल, आता बोल, मी मनात ओरडत होते. त्यानं आपल्या आईकडे पाहिलं, पेढ्यांकडे पाहिलं, आणि खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती. तो बराच वेळ उठलाच नाही.

मला खुर्चीत बसवलं. दोघींनी दोन खांद्यांवर हात ठेवून बसवलं, प्रेमानंच. मांडीवर साडीचा खोका आला, त्यावर नारळ. समोर मुलाची आई, तिच्यामागे बहीण मोबाईल धरून, बाजूला मामा, पाठीशी झाडाचं खोड. दोन लहान मुलं तमाशा बघायला येऊन उभी राहिली आणि त्यांच्या आईनं त्यांना मागे ओढलंच नाही. आणि मी बाबांकडे पाहिलं ते पाहायला नको होतं. त्यांनी हाताची घडी सोडली होती. ते हसत होते. कितीतरी वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, दात दिसेपर्यंत. उठून पळायची जी काही ताकद माझ्या पायांत होती ती त्या हसण्यानं काढून घेतली. मला वाटलं, होऊन जाऊ दे. एवढ्यासाठी एवढं काय. आई सुटेल, बाबा हसतील, हा बुटाची नाडी बांधत राहील, आणि प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर दुसरी कुणी बसेल. मी “थांबा” म्हणाले, पण ते मलाच नीट ऐकू आलं नाही. कपाळावर बोट टेकलं. कुंकवाचे दोन कण नाकावर पडले.

ते कण नाकावर पडले आणि मी म्हणाले, “नाही.”

हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. मुलाच्या आईचं बोट हवेतच राहिलं. “नाई म्हंजे?” ती म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं. “दोन दोन चकरा मारल्या ना तुमी!”

“मला हे लग्न करायचं नाही,” मी म्हणाले. त्याचं नाव मी घेतलं नाही. ते घेतलं असतं तर मी सुटले असते, हेही मला तेव्हा कळत होतं. पण खाली बसलेला तो पाठमोरा माणूस बघून माझ्यानं बोलवेना.

मामा पेढे झाकायला लागला. मुलाची मावशी म्हणाली, “आता तर कुंकू लागलं बाई.” आणि बाबा, त्यांचं हसू अजून पूर्ण उतरलंही नव्हतं, ते माझ्याकडे वळले नाहीत. ते आईकडे वळले. “पाह्य,” ते म्हणाले. “पाह्य तुह्या पोट्टीले.”

आई बाकाला धरून उठली. गुडघे सरळ व्हायला तिला वेळ लागतो, तेवढा वेळ सगळे थांबले. ती हळूहळू माझ्यापर्यंत आली आणि मुलाच्या आईच्या हातातून तिनं हळदीकुंकवाचा करंडा घेतला. मला वाटलं, आता ही माझी समजूत घालणार. गेल्या सत्तावीस वर्षांत तिनं बाबांच्या शब्दापुढे दुसरं काही केलेलं मी पाहिलं नव्हतं.

तिनं हळदीत बोट बुडवलं आणि मुलाच्या आईच्या कपाळाला लावलं. मग कुंकू. सवयीनं त्या बाईनं मान खाली वाकवली. हळदीकुंकवाला मान वाकवायची नाही हे आमच्याकडे कुठल्याही बाईला जमणार नाही. मग आईनं मावशीला लावलं. तिनंही मोबाईल खाली घेऊन मान वाकवली.

“लय दुरून आले ताई तुमी,” आई म्हणाली. विहीणबाई नाही, ताई. “कुंकू तर आमी आल्या-गेल्या बाईले लावतोच. तुमी माह्या पोरीले लावलं, मोठ्यायचा आशीर्वाद झाला. पोरं दोन चकरा बोलले, त्यायचं नाई जमलं. त्याले काय करता.” असं म्हणत तिनं माझ्या मांडीवरची साडी आणि नारळ उचलला. “पदर करा,” ती म्हणाली. आणि त्या बाईनं खरोखर पदर पुढे केला. त्यांचीच साडी, त्यांचाच नारळ, आईनं त्यांच्याच ओटीत घातला आणि वाकून पायाला हात लावला. “या मंग. ऊन वाढाच्या आंधी पोचान.”

भरलेली ओटी कुणी परत देत नाही. मुलाची आई पदरात नारळ सांभाळत उभी राहिली. तिला राग आला होता हे दिसत होतं, पण हळदीकुंकू लावून घेतल्यावर भांडायचं कसं, हे तिलाही कुणी शिकवलेलं नव्हतं. तेव्हा तो मुलगा उठला. चेहरा पांढराफटक. “काकू, खरं म्हंजे मीच...” तो म्हणाला.

“राहू द्या बाबू,” आई म्हणाली. “बूट नीट बांधा तुमी.”

त्यांची गाडी गेली. मामा पेढ्यांचा खोका घेऊन कुणाला तरी फोन करायच्या निमित्तानं बाजूला झाला. बाबांनी गाडीची किल्ली काढली. “झालं समाधान?” ते आईला म्हणाले. “चला आता.”

“मले हे चक्कर पाह्याची हाये,” आई म्हणाली.

बाबांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही.

“तीन खेपा आली अथी,” आई म्हणाली. “तिन्ही खेपा त्या बाकावर बसून डबा राखला. आत काय हाये ते पाह्यलंच नाई.”

“तुह्या गुडघ्यायले झेपनार नाई.”

“सोपी हाये म्हने. पाटीवर लिहून हाये.” आणि तिनं पोह्यांचा डबा बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, कारण तिनं सोडून दिला होता.

पुढे बाबा खरंच किती दिवस तिच्याशी बोलले नाहीत, आणि ती पहिल्यांदाच आपणहून बोलायला गेली नाही, आणि घरात भाजी कशी झाली ते दोन महिने कुणी कुणाला सांगितलं नाही, ते सगळं झालंच. मी तिला सोडवलं नव्हतं, तिनंच मला सोडवलं होतं आणि किंमत तिनंच दिली. मी आजही प्रयोगशाळेत आहे आणि दर वेळी कुणी शेतकरी मान डोलावतो तेव्हा मला त्याची लाज आणि सुख दोन्ही वाटतं.

पण त्या दिवशी आम्ही दोघी चाललो. सागवानात ती चारदा थांबली. बांबूपाशी तिनं माझ्या नाकावरचे कुंकवाचे कण पदरानं पुसले, कपाळावरचं राहू दिलं. तळ्याशी कठड्याच्या ओट्यावर बसली आणि पाय चोळत म्हणाली, “तो नाई म्हननार होता ना?”

“तुले कसं समजलं?”

“बूट बांधून राहिला होता ना.”

मला वाटलं आता ती रडेल, किंवा मला रागावेल. ती म्हणाली, “मले पाह्याले आले तवा मलेई चालवलं होतं. अंगनात. या खांबापासून त्या खांबापर्यंत. पाय लंगडा तर नाई ते पाह्याले.” मग ती म्हणाली, “दोन चकरा मारल्या मी. मंग कुंकू लावलं.”

“तुले विचारलं होतं कोनी?”

“कायले विचारते कोनी?” ती म्हणाली, तक्रार म्हणून नाही, हवामान सांगावं तसं. मी तिच्या शेजारी बसून तिचा गुडघा चोळत राहिले.

ती उठायला लागली तेव्हा तिच्या तोंडावर कळ आली. मला चाचांचं बोलणं आठवलं. पायवाट समोरच होती, कुंपणातली एक फट आणि विटांच्या पायऱ्या. “आई, अथून गेलं की पाच मिनिटात फाटक येते,” मी म्हटलं. “म्हाताऱ्या मानसायसाठी केली हाये.”

तिनं त्या फटीतून पाहिलं. झाडांमधून दूर फाटक दिसत होतं. लिंबाखाली बाबा उभे होते, एका हातात पोह्यांचा डबा, दुसरा हात डोळ्यांसमोर धरून घड्याळ बघत.

“थांबू दे तुह्या बाबाले,” आई म्हणाली, आणि माझा हात धरून लांबच्या वाटेनं निघाली.